पाविआच्या जिभेवरचा थेंब

बस चढावर वळली तेव्हा मागची चाकं बर्फावर जराशी घसरली आणि निवीनं मांडीवरच्या भाच्याचा हात घट्ट धरला. एवढंच झालं. ड्रायव्हरनं गाडी सावरली, मागे कुणीतरी हसलं, समोरच्या बाईच्या पिशवीतलं एक संत्रं सीटखाली घरंगळत गेलं. पण निवीची बोटं मुलाच्या मनगटावरच राहिली. हातमोजा आणि बाही यांच्यामध्ये तेवढीच जागा उघडी होती. तिथे बाळाच्या हाताला एक मऊ वळी असते, तिथे तिच्या अंगठ्याला काहीतरी रुंद लागलं. टणक. कातडीच्या आत कुणी कडं घालून ठेवावं तसं. तिनं अंगठा उचलला, पुन्हा ठेवला. कडं तिथेच होतं. मग तिनं त्याच्या दुसऱ्या हाताचा मोजा काढून पाहिला, आणि पाहिल्यावर लगेच परत घातला.

“अहो, घाबरलात की काय?” शेजारी बसलेली निवीची आई मुलाकडे वाकून म्हणाली. “ही तुमची लेक बघा, केवढा हात आवळलाय. होडी उलटली तेव्हा घाबरला नव्हतात, आणि आता बस घसरली तर तोंड एवढंसं झालंय!” मुलानं तिच्याकडे पाहिलं. नऊ महिन्यांचं, शांत, जड डोक्याचं मूल. ते फार रडत नसे. सगळे म्हणत, पाविआसुद्धा असाच होता, बोलायचं तेव्हाच बोलायचा. पुढच्या सीटवरच्या म्हातारीनं वळून विचारलं, “कोण आहे हे?” आणि आईनं, जसं कुणीही सांगेल तसं सांगितलं, “आमचे हे.” म्हातारीनं मान डोलावली आणि मुलाच्या बुटाला हात लावून म्हणाली, “बरं झालं, लवकर आलात.”

निवीचे वडील, पाविआ, मे महिन्यात गेले, जिन्यात, हातात माशांची पिशवी असताना. जूनमध्ये तिच्या बहिणीला, इवालूला, मुलगा झाला. इथे गेलेल्याचं नाव त्यानंतर जन्मलेल्या मुलाला देतात आणि नावासोबत तो माणूसच परत येतो, त्यामुळे दुसरा कुठला विचारच कुणाच्या मनात आला नाही; नाव वाट पाहत होतं आणि मूल आलं. कागदावर त्याला वेगळं नाव दिलं, चर्चच्या वहीत तो नोआ आहे, दवाखान्यात नोआ आहे, पण घरात नोआ म्हणून कुणी नव्हतंच. निवी आणि इवालू त्याला बाबा म्हणत. आई अहो म्हणे, आणि त्याच्याशी बोलताना तिचा आवाज वडिलांशी बोलायचा त्याच आवाजात जाई, जरासा तक्रारीचा, जरासा लाडिक. पहिल्या आठवड्यात लोक कॉफीला आले तेव्हा वडिलांचा मित्र हान्सीराक पाळण्यापाशी उभा राहिला, त्यानं मुलाचं एक बोट धरून हलवलं आणि खिशातून मासेमारीच्या दोरीचं रीळ काढून उशापाशी ठेवलं. “घेतलं होतं तुझ्याकडून. राहिलं द्यायचं. रागावू नकोस.” खोलीतले सगळे हसले, आणि हसता हसता आई स्वयंपाकघरात निघून गेली. निवीला आठवतं, त्या वेळी तिच्या मनात एक नीट, कोरडा विचार आला होता: दुःखाला बसायला जागा मिळाली की ते कमी होतं, ही सोय किती जुनी असेल. आणि त्याच क्षणी तिचे डोळे भरले होते. दोन्ही खरं होतं. ती प्रयोगशाळेत काम करते म्हणून यातलं एक खोटं ठरत नव्हतं.

बस त्यांच्या इमारतीखाली थांबली. बाहेर मार्चचं ऊन होतं. फ्योर्डचं, डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राचं, पाणी काळंनिळं, पलीकडे सर्मित्सियाक डोंगर इतका स्वच्छ की हात लावावा, आणि सगळीकडे बर्फावरून उसळणारा तो पांढरा उजेड, ज्यात डोळे उघडे ठेवणंही कठीण होतं. आईनं मुलाची टोपी मागे सारली आणि त्याचं कपाळ उन्हात धरलं. वडील असंच करत. हिवाळा सरताना होडी ओढायला निघाले की आधी टोपी काढत आणि डोळे मिटून उभे राहत. “घ्या,” आई म्हणाली, “भरपूर घ्या. फुकट आहे.” निवीनं मुलाचा हातमोजा बाहीखाली नीट सारला. तिला माहीत होतं की या उन्हात काही नाही. मार्चमध्ये इथे, इतक्या उत्तरेला, सूर्य असतो, पण किरण इतके तिरपे येतात की कातडीत काम करणारा त्यांतला भाग वाटेत हवेतच गळून जातो. पोचतो तो नुसता उजेड. नोव्हेंबरपासून या शहरातल्या कुणाच्याच कातडीत काही तयार झालेलं नव्हतं. आणि मार्चमध्ये तळ लागतो. गेली दोन वर्षं ती हेच मोजत होती: या किनाऱ्यावरच्या माणसांच्या रक्तातलं ड जीवनसत्त्व, आताचं आणि पूर्वीचं. आताच्या नळ्या आणि शीतपेटीतल्या जुन्या नळ्या, ज्या कुणीतरी बोटीनं वस्त्यावस्त्यांत फिरून जमवल्या होत्या. शहरातल्या तरुणांची रेघ उन्हाळ्यात थोडी वर येई आणि मार्चमध्ये खाली बुडे. जुन्या नळ्यांची रेघ मात्र सपाट होती. सील, देवमाशाची कातडी, माशाचं काळीज खाणारी ती माणसं. बारा महिने सारखीच. हिवाळा त्यांच्या रक्तापर्यंत पोचतच नव्हता. तिला ती सपाट रेघ पहिल्यांदा पडद्यावर दिसली तेव्हा यंत्र बिघडलं असंच वाटलं होतं.

वडिलांनीही त्या वेळी रक्त दिलं होतं. त्यांनीच सांगितलं होतं, “बोटीवर एक डॅनिश पोरगी होती, सुई बघून तीच पांढरी पडली, मी तिला बिस्कीट दिलं.” नळ्यांवर नावं नसतात. म्हणजे त्यांचं रक्त कदाचित निवीच्या हातातून गेलं असेल, वितळलं असेल, यंत्रात शिरलं असेल, आणि त्या सपाट रेघेतला एक ठिपका झालं असेल. तिला कधी शोधावंसं वाटलं नाही. पण आता जिना चढताना, मुलाचं वजन खांद्यावर घेऊन, तिच्या मनात आलं की वडील दोन ठिकाणी आहेत. एक शीतपेटीत, भरपूर जीवनसत्त्व असलेले. आणि एक तिच्या खांद्यावर, कातडीखाली कडं घातलेले.

संध्याकाळी तिनं मुलाला स्वतः अंघोळ घातली. साबणाच्या हातानं छातीवरून बोटं फिरवली. बरगड्या जिथे समोरच्या हाडाला येऊन मिळतात तिथे एकेक गोळी लागत गेली, दोन्ही बाजूंनी, ओळीनं. पुस्तकात याला मण्यांची माळ म्हटलेलं असतं. परीक्षेत तिनं त्याचं चित्र काढलं होतं. मूल पाण्यावर हात आपटत होतं. तो अजून बसत नव्हता, बसवलं तर एका बाजूला कलत असे, आणि सगळे म्हणत, पाविआला कुठे बसणं माहीत होतं. प्रत्येक गोष्टीला एक आठवण तयार होती. तो दचकतो, कारण वडील झोपेत दचकत. त्याचं कपाळ पुढे आलेलं, कारण वडिलांचं कपाळ असंच. या घरात हे मूल कधी नुसतं मूल म्हणून कुणी पाहिलंच नव्हतं, निवीनंसुद्धा. आणि थेंबांचं तर काय. पहिल्या आठवड्यात नर्सनं दिलेली ती छोटी बाटली: रोज काही थेंब, अंगावर पिणाऱ्या प्रत्येक मुलाला. इवालूनं पहिला थेंब जिभेवर टाकला. मुलानं डावा डोळा मिटला, उजवा उघडा ठेवला, आणि डाव्या कोपऱ्यातून तो थेंब बाहेर ढकलला.

खोलीतल्या सगळ्यांनी ते ओळखलं होतं. कारण वडील लहानपणी क्षयाच्या रुग्णालयात होते, याच शहरात, आणि तिथे रोज सकाळी एक परिचारिका नाक दाबून मोठ्या चमच्यानं माशाचं तेल पाजायची. ती गेली की वडील डावा डोळा मिटून तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून ते खिडकीतल्या कुंडीत थुंकायचे. “झाड मात्र एवढं झालं,” ते हात वर करून दाखवत. सीलचं काळीज गरम गरम, कच्चं खाणारा हा माणूस बाटलीतल्या तेलाचा वास आला तरी खोली सोडून जाई. आणि तोच डोळा, तोच कोपरा. “बघितलंस?” आई ओरडली होती. “बघितलंस? तेच आहेत!” इवालू टाके दुखत असताना हसत होती. निवीच्या अंगावर काटा आला होता. कुठल्याही अर्भकाचा चेहरा अनोळखी चवीनं वाकडा होतो हे तिला माहीत होतं, आणि ते तिला त्या दिवशी अजिबात नको होतं. बाटली फ्रिजच्या दारात गेली, मोहरीच्या बरणीमागे. नाव घेऊन आलेल्याला कुणी दामटत नाही. त्याच्या मनाविरुद्ध केलं तर तो परत जातो, हे कुणी कुणाला समजावून सांगत नाही, ते असतंच.

“इवालू,” तिनं टॉवेलात गुंडाळलेलं मूल बहिणीच्या हातात दिलं. “मुडदूस आहे त्याला.”

इवालू फोनवर होती. तिचा नवरा ट्रॉलरवर, समुद्रात. तिनं फोन खाली ठेवला. “काय आहे?”

“हाडं मऊ राहतात. इथे हात लाव. इथे. लागलं?”

“ते तर असंच आहे त्याचं.”

“असं नसतं कुणाचं.”

“मी त्याला अंगावर पाजतेय, निवी. एक दिवस डब्यातलं दूध दिलं नाही. सगळे म्हणतात अंगावरचं सगळ्यात चांगलं.”

“चांगलंच आहे. पण तुझ्यात नाही तर त्याच्यात कुठून येणार?”

हे बोलायला नको होतं. इवालूचा चेहरा लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचा तसा झाला. “तूच म्हणालीस,” ती हळू म्हणाली. “पोटात होता तेव्हा. सील खाऊ नको, त्यात पारा असतो. कागद आणून दाखवलास. मी नऊ महिने पास्ता खाल्ला.”

तो कागद खरा होता. पाराही खरा होता. आणि बाळाला दात यायला लागले तेव्हा आई सीलची चरबी चघळून मऊ करून बोटावर घेऊन आली होती. त्या वेळी दोघी बहिणींनी मिळून तिचा हात धरला होता, हसत, “आई, आता असं करत नाहीत.” त्या बोटावर जे होतं तेच त्या बाटलीत होतं. निवी पलंगाच्या कडेवर बसली. आईचं बोट त्यांनी अडवलं, त्यांची बाटली आईनं अडवली. दोन्हीकडून प्रेमानंच. आणि मधल्या फटीतून हे मूल खाली चाललं होतं.

आई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. “दवाखान्यात न्या,” ती म्हणाली. “रक्त घ्या, काय करायचं ते करा. पण ते तेल नाही.”

“आई, ते माशाचं तेल नाहीये. वासही नाही त्याला.”

“बाटलीतलं आहे ना?”

“चार थेंब, आई.”

“त्यांनाही चमचाभरच होतं.” ती आत आली आणि तिनं मुलाला उचललं. “चला हो. यांचं चालू द्या. शिकलेल्या आहेत.”

दवाखान्यातला डॉक्टर तरुण डॅनिश होता, काही आठवड्यांसाठी आलेला, नाकाचा शेंडा स्कीइंगमध्ये भाजलेला. त्यानं मनगटाचा एक्स-रे खिडकीपाशी धरला. हाडांची टोकं कपासारखी खोलगट आणि कडा कुरतडल्यासारख्या. जीवनसत्त्व यंत्राला वाचता येतं त्याच्याही खाली होतं. रक्तातलं कॅल्शियम अगदी काठावर. “झोपेत दचकतो?” त्यानं विचारलं. इवालूनं निवीकडे पाहिलं. “आमचे वडील दचकायचे,” ती म्हणाली. डॉक्टरला काही कळलं नाही. तो म्हणाला, की याहून खाली गेलं तर झटके येतात, आणि झटका कधी हृदयापर्यंत जातो. आजपासून थेंब, नेहमीच्या कितीतरी पट, सोबत कॅल्शियम, एक दिवसही चुकवायचं नाही. थुंकला तर पुन्हा द्यायचं. “नोआ,” तो मुलाच्या पोटाला गुदगुल्या करत म्हणाला, “ऐकलंस ना?” मूल ते नाव आपलं नसल्यासारखं भिंतीकडे बघत राहिलं.

इवालूकडून ते होईना. थेंब सोडताना ती डोळे मिटून घेई, आणि तो गालावर पडे. पहिल्या दिवशी तिनं ड्रॉपर निवीच्या हातात दिला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली. निवीनं मुलाला कोपरात घेतलं. प्रयोगशाळेत तिचा हात कधी हलत नाही. इतकुसा द्रव इकडून तिकडे नेणं हेच तिचं काम. पहिला थेंब जिभेवर पडला. डावा डोळा मिटला. उजवा तिच्याकडे पाहत राहिला, आणि तिला वाटलं की आता ते बोलतील. निवी, तूसुद्धा? थेंब कोपऱ्यातून बाहेर आला. तिनं दुसरा घेतला. तो वळला, तिनं डोकं धरलं. तो किंचाळला, आणि किंचाळताना तोंड उघडं होतं तेवढ्यात तिनं थेंब गालाच्या आत सोडला आणि दोन बोटांनी गाल दाबून धरले. ओठांचा चंबू झाला. गळा एकदा हलला. गिळलं.

आई खिडकीपाशी पाठ करून उभी होती. काचेतून ऊन तिच्या खांद्यावर पडलं होतं. “नाक दाब,” ती न वळता म्हणाली. “नाक दाबलं की पटकन गिळतात. ती बाई असंच करायची.”

“आई.”

“मी काही बोलत नाही. माझा नवरा मेलाय, मी काय बोलणार?”

मेलाय. हा शब्द तिनं जूननंतर पहिल्यांदा उच्चारला होता. तिनं अंगात कोट चढवला आणि ती बाजारात निघून गेली, जिथे शिकारी फळीवर सील मांडून बसतात, आणि अंधार पडल्यावर काही न घेता परत आली. निवीच्या बोटांना तेलाचा ओशटपणा राहिला होता. ती रात्री झोपताना तोच विचार करत होती, की सहा वर्षांच्या पोराला त्या परिचारिकेनं धरलं तेव्हा तिच्याही मनात हेच असेल. की हा जगायला हवा. ती दुष्ट नसेल. तिचीही बोटं अशीच ओशट राहिली असतील. आणि त्या पोरानं तिला जन्मभर माफ केलं नव्हतं. पण तो जगला होता. बहात्तर वर्षं. कुंडीत थुंकूनसुद्धा काहीतरी त्याच्या पोटात गेलंच असणार. हे आधी तिच्या लक्षात आलं नव्हतं. सगळ्यांना फक्त थुंकलेलंच आठवत होतं.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, आणि तिसऱ्या. ती कामावरून येई, हात धुई, मुलाला कोपरात घेई. डोळा मिटणं, ढकलणं, किंचाळणं, गाल दाबणं. आई त्या वेळी घरात नसे. ती मुलाला घेई, भरवी, कपडे बदली, पण त्याच्याशी बोलणं तिनं थांबवलं होतं. इतक्या महिन्यांत अखंड चाललेली ती एकतर्फी तक्रार, अहो हे बघा, अहो ते ऐकलंत का, ती बंद पडली आणि घर एकदम भाड्याच्या खोलीसारखं झालं. हान्सीराक एकदा डोकावला, मुलाचं बोट धरायला म्हणून हात पुढे केला, आणि आईच्या चेहऱ्याकडे बघून खिशात घातला. “कसा आहे पाविआ?” “विचार त्याच्या लेकीला,” आई म्हणाली. “ती पाजते त्याला.” तो हसला नाही. जाताना दाराशी निवीला म्हणाला, “पोरी, बरोबर करतेयस तू,” आणि त्याच्या आवाजात अशी काही दया होती की त्यानं शिवी दिली असती तर बरं, असं तिला वाटलं.

कामावर रेघा तयार होत होत्या. तिच्या वरिष्ठ बाईंनी पडद्यावरच्या दोन रेघांकडे बोट करून म्हटलं, “किती सुंदर फरक आहे,” आणि तो खरंच सुंदर होता, स्वच्छ, कुणालाही समजेल असा. वरची सपाट, खालची बुडणारी. निवी त्या दोहोंच्या मधल्या पांढऱ्या जागेकडे बघत राहिली. त्या जागेत आईचं चघळलेलं बोट होतं, तो कागद होता, पास्ता होता, मोहरीच्या बरणीमागची बाटली होती. रेघेत यातलं काही दिसत नव्हतं. दिसायला हवं असंही नव्हतं. तिनं पडदा बंद केला.

एप्रिल लागला. पुन्हा रक्त घेतलं; आकडा वाचता येण्याइतका झाला होता, कॅल्शियम काठावरून आत सरकलं होतं. तो रात्री दचकेनासा झाला. एका सकाळी इवालूनं त्याला जमिनीवर बसवलं, हात काढून घेतला, आणि तो बसूनच राहिला, स्वतःवरच चकित झाल्यासारखा. “बाबा बसले!” ती ओरडली, आणि ओरडल्यावर दोघींनी एकदमच आईकडे पाहिलं. आई मासा कापत होती. तिनं सुरी थांबवली नाही.

त्या संध्याकाळी निवीनं ड्रॉपर भरला तेव्हा आई घरातच होती, टेबलापाशी, कॉफी घेऊन. बाहेर अजून उजेड होता, आता रोज थोडा थोडा लांबणारा. लवकरच त्या उजेडात काहीतरी असणार होतं. निवीनं मुलाला कोपरात घेतलं, दुसऱ्या हाताची दोन बोटं गालांपाशी तयार ठेवली. मुलानं ड्रॉपर पाहिला. आणि तोंड उघडलं. आपणहून, मोठ्ठं, घरट्यातल्या पिल्लासारखं, जीभ बाहेर काढून. दोन्ही डोळे उघडे.

तिनं थेंब सोडला. त्यानं तो जिभेवर फिरवला, ओठ मिटले, गिळला, आणि पुन्हा तोंड उघडलं.

“भूक लागलीय नोआला,” आई टेबलापासून म्हणाली. सहज, कुणाही शेजारणीच्या मुलाबद्दल बोलावं तशी. मग तिनं उठून कप विसळला, खिडकीत पडलेलं ते दोरीचं रीळ उचललं, आणि कोटाच्या खिशात घातलं. “हान्सीराकला देऊन येते. त्याच्या उपयोगी पडेल.”

दार लागलं. जिन्यात तिची पावलं बराच वेळ ऐकू येत राहिली. निवीच्या हातात ड्रॉपर तसाच होता, टोकाला दुसरा थेंब धरून. मूल वाट बघत होतं. आता त्याची हाडं भरतील, मनगटातलं कडं हळूहळू विरून जाईल, पुढच्या मार्चमध्ये तो चालेल. तिला हेच हवं होतं, आणि हेच झालं होतं. तिनं थेंब त्याच्या जिभेवर सोडला आणि त्याच्या डाव्या डोळ्याकडे बघत राहिली. मिटा, तिच्या मनात आलं, एकदाच, बाबा. तो गिळून हसला, दोन्ही डोळ्यांनी तिच्याकडे बघत, आणि त्यानं पुन्हा तोंड उघडलं.